लुसी विल्स : मुंबईतला रक्तक्षय आणि उतारवयातले होमोसिस्टीन

लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी आज प्रत्येक सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांना दिली जाते. त्यातल्या फॉलिक ॲसिडचा माग मुंबईत लागला आणि तो काढला लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईंनी. त्यांच्या कामाचा उपयोग आज साठी-सत्तरी ओलांडलेल्यांनाही आहे.

लुसी विल्स यांचा जन्म 10 मे 1888 रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजमध्ये त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. 1911 मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. पुढे लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 1920 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत संशोधन पत्करले.

1928 मध्ये त्या मुंबईला आल्या. गरोदरपणात, विशेषतः कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांमध्ये, एक तीव्र रक्तक्षय दिसत असे. अनेकींचा त्यात जीव जाई. त्याचे कारण शोधण्याचे काम डॉ. विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेतून सुरू केले. सूक्ष्मदर्शकाखाली या स्त्रियांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. ‘पर्निशियस ॲनिमिया’ या युरोप-अमेरिकेत माहीत असलेल्या आजारातही अगदी तसेच चित्र दिसते. त्यावर यकृत खाऊ घालण्याचा इलाज 1926 मध्ये सापडला होता. दिसायला आजार एकच, मग इलाजही तोच, असे म्हणून थांबणे सोपे होते.

डॉ. विल्स थांबल्या नाहीत. या स्त्रियांच्या ताटात भाजीपाला, फळे आणि प्रथिने फारच कमी आहेत, हे त्यांनी पाहिले. तसाच आहार उंदरांना दिल्यावर त्यांनाही रक्तक्षय झाला आणि आहारात यीस्ट घातल्यावर तो टळला. मात्र उंदरांच्या रक्तक्षयात उवांमार्फत पसरणाऱ्या एका जंतूचाही हात आहे, हे लक्षात आल्यावर त्यांनी माकडांवर प्रयोग केले. मग रुग्ण स्त्रियांना मार्माइट दिले. बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा हा स्वस्त अर्क इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात. थोड्याच दिवसांत त्या स्त्रियांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. 1931 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यीस्टमधला तो घटक कोणता, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. शुद्ध केलेला यकृताचा अर्क पर्निशियस ॲनिमियाला लागू पडतो, पण या रक्तक्षयाला नाही, हे त्यांनी 1937 पर्यंत दाखवून दिले. म्हणजे चित्र एक, उणिवा दोन. पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळे काढले गेले. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते 1945 मध्ये प्रयोगशाळेत बनवले. पर्निशियस ॲनिमियातली उणीव बी-12 जीवनसत्त्वाची, हे 1948 मध्ये स्पष्ट झाले.

या दोन जीवनसत्त्वांचा म्हातारपणाशी संबंध येतो तो होमोसिस्टीन या अमिनो आम्लामुळे. अन्नातल्या प्रथिनांतून मिळणाऱ्या मेथिओनिनपासून ते शरीरात तयार होते. त्याचे पुन्हा मेथिओनिन करायला फॉलिक ॲसिड आणि बी-12 दोन्ही लागतात. एक जरी कमी पडले तरी रक्तात होमोसिस्टीन साचते. मूत्रपिंडे थकली तरीही ते वाढते. ज्यांच्या रक्तात ते जास्त असते, अशा वृद्धांत हृदयविकार, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश अधिक आढळतात. मात्र जीवनसत्त्वे देऊन नुसता हा आकडा उतरवल्याने हृदयविकाराचे झटके कमी होत नाहीत, असे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसले. म्हणून वाढलेला आकडा हा कारण शोधण्याचा इशारा समजावा.

आपल्याकडे ते कारण पुष्कळदा बी-12 ची उणीव असते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते, पालेभाजीतून नाही. वाढत्या वयात जठरातले आम्ल घटते आणि अन्नातले बी-12 नीट शोषले जात नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ही उणीव आणखी वाढते. अशा माणसाने नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्तक्षय सुधारतो, थकवा जातो, सगळे ठीक वाटते. पण मज्जारज्जूची आणि नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे वयाच्या नावावर खपून जातात. उपचाराला फार उशीर झाला तर हानी पूर्ण भरून येत नाही.

डॉ. विल्स 1947 मध्ये निवृत्त झाल्या, तरी फिजी आणि दक्षिण आफ्रिकेत आहार आणि रक्तक्षयाचा अभ्यास करत राहिल्या. 16 एप्रिल 1964 रोजी त्यांचे निधन झाले. एकसारख्या दिसणाऱ्या दोन आजारांतला फरक ओळखण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे दिली. आज तो फरक रक्ताच्या साध्या तपासणीत कळतो. घरातल्या ज्येष्ठांना फॉलिक ॲसिड सुरू करण्यापूर्वी त्यांचे बी-12 तपासले आहे का, एवढे डॉक्टरांना जरूर विचारा.