सेवासदनच्या रमाबाई

माझे शिक्षण सातवीपर्यंतच; चूकभूल सांभाळून घ्यावी.

रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ सालचा, लग्न अकराव्या वर्षी. घरच्या बायकांची बोलणी सोसून त्या न्यायमूर्तींजवळ लिहिण्यावाचण्यास शिकल्या. १९०१ मध्ये वैधव्य आले. १९०९ मध्ये पुण्यास सेवासदन निघाले. परक्या रोग्याची सेवा कुलीन बायकांनी करणे लोकांना कमीपणाचे वाटे, त्या काळी रमाबाईंनी विधवा भगिनींना परिचारिकेचे शिक्षण घ्यावयास ससून रुग्णालयात धाडले.

माझ्या धाकट्याला हगवण लागली, तेव्हा मी अडाणीपणाने त्याचे पाणी तोडले होते. परिचारिकाबाईंनी न रागावता मीठसाखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजावयास शिकविले. मूल वाचले.

रमाबाई १९२४ मध्ये वारल्या. पण त्यांच्यासारख्यांनी हा पेशा आपल्या मुलींना खुला केला नसता, तर त्या बाई माझ्या मुलाच्या उशाशी कोठून येत्या?