राजा रविवर्मा : सिंहासन आणि पोथी

आपल्या सभागृहातील शारदेच्या तसबिरीसमोर साठ वर्षे विद्यार्थ्यांनी हात जोडले. खडकावर बसलेली, हाती वीणा आणि पोथी धरलेली, जवळ मोर असलेली शारदा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही ओळखीची आहे. तिचा मूळ चित्रकार रविवर्मा केरळातील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी जन्मला.

चित्रकलेचे पहिले धडे मामांनी दिले. चौदाव्या वर्षी तो त्रावणकोर दरबारी आला. परंतु तैलरंगांची विद्या तेथील जाणकार शिकविण्यास तयार नव्हते. १८६८ मध्ये आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकारानेही केवळ आपले काम पाहण्याची मुभा दिली. रविवर्मा पाहूनच शिकला. (शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.)

त्या काळी राजेरजवाड्यांच्या व्यक्तिचित्रांची सामग्री ठरलेली असे: मखमली पडदा, खांब, तलवार, पदके आणि विद्वत्तेची खूण म्हणून मेजावर ग्रंथ. रविवर्म्याने ती भाषा पूर्ण आत्मसात केली. १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाडांना पूर्ण राज्याधिकार मिळण्याच्या सुमारास दिवाण सर टी. माधवराव यांनी त्याला बडोद्यास बोलाविले. माधवराव तंजावरकडील मराठी घराण्यातले, पूर्वी त्रावणकोरचे दिवाण. चित्रांच्या छापील प्रती काढून ती घरोघरी पोहोचवावीत, हा सल्लाही त्यांचाच.

१८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवलीस गेला. रविवर्म्याच्या पौराणिक नायिका पुष्कळदा नऊवारी नेसतात, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. ज्यांना देवळाचा उंबरठा ओलांडण्याची बंदी होती, त्यांच्या भिंतीवरही आता लक्ष्मी-सरस्वती आल्या. माझ्या मते, दरबारांतील सर्व चित्रांहून हे कार्य मोठे. छापखान्याने मात्र मालकास कर्जात लोटले आणि अखेर तो विकावा लागला.

१९०४ मध्ये कैसर-इ-हिंद पदक मिळाले. १९०५ मध्ये, आयुष्यभर सोबत चित्रे रंगविणारा धाकटा बंधू गेला, आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे रविवर्म्यानेही देह ठेवला.

१९०२ चे त्याचे एक चित्र मला विशेष प्रिय आहे. एक नायर स्त्री जमिनीवर रेलली आहे, मागे दासी उभी आहे. सिंहासन नाही, तलवार नाही. दिवाणांच्या मेजावरचा ग्रंथ येथे तिच्यापुढे आहे, आणि तो उघडा आहे.