कुलकर्ण्यांचा श्रीधर, फडाचा बापूराव

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे सुटीला घरी गेलो की आजी हमखास विचारते, काय काय शिकवलं म्हणून. बहुतेक वेळा तिला समजेल असे सांगण्याजोगे माझ्यापाशी काही नसते. पण गेल्या वर्षी वर्गात शाहिरी वाङ्मय चालले होते, त्यात पठ्ठे बापूरावांचे नाव आले होते, ते मी तिला सांगितले. आजी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने एवढेच विचारले की, पवळेचे नाव निघाले का? ते काही निघाले नव्हते.

आमचा आजा फडात हलगी वाजवायचा. ही गोष्ट घरात मोठ्याने बोलली जात नाही, वडिलांना ती रुचत नाही. तरीही मी ती येथे लिहितो, कारण बापूरावांविषयी मला जे काही वाटते त्याचे मूळ तिथेच आहे.

बापूरावांचे खरे नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ११ नोव्हेंबर १८६६ रोजी वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या कृष्णाकाठच्या गावी त्यांचा जन्म झाला. तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता, आज तो सांगलीत मोडतो. ब्राह्मणाचे घर आणि त्यात कुलकर्णीपण. म्हणजे गावचे दप्तर हाती, साऱ्याचा हिशेब हाती, आणि चावडीवर मान. अशा घरातील मुलाला लहान वयातच कवने करण्याचा नाद लागला. तो नाद देवळातल्या कीर्तनापुरता राहिला असता तर कोणाची हरकत नव्हती. पण श्रीधरची कवने गेली ती महार-मांगांच्या तमाशात! पुढे कवनांमागोमाग तो स्वतःही फडात जाऊन उभा राहिला. घर सुटले, जात सुटली, कुलकर्णीपण सुटले. श्रीधरचा बापूराव झाला, आणि लोकांनी पुढे कौतुकाने पठ्ठे लावले.

ब्राह्मणाने लावणी रचणे ही काही नवी गोष्ट नव्हती. सोलापूरचे रामजोशी त्यांच्या आधी होऊन गेले होते. परंतु रामजोशी, होनाजी, प्रभाकर यांचा काळ पेशवाईचा. लावणी रंगली तर शेला-पागोटे मिळे, इनाम मिळे. बापूरावांच्या काळी पेशवाई बुडून अर्धे शतक लोटले होते. शाहिराला आता राजा नव्हता. होते ते जत्रेतले प्रेक्षक आणि मुंबईच्या गिरण्यांत राबणारे, तिकीट काढून तमाशा पाहणारे घाटावरचे कामगार. रचायचे आपणच, चाल बांधायची आपणच, फड राखायचा आपणच आणि गल्ला कमी आला तर उपाशी राहायचेही आपणच. कोणाच्या मर्जीने लिहायचे नाही, पण समोरच्या गर्दीचे क्षणभरही दुर्लक्ष परवडायचे नाही. याला स्वातंत्र्य म्हणायचे की टांगणी, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. मुंबईवर त्यांनी लावणी केली आहे, ती वाचताना मात्र एवढे कळते की, हा माणूस शहर पाहत हिंडला आहे. शहराचा झगमगाट आणि त्याची भीती, दोन्ही त्यात आहेत.

त्यांनी दोन लाख लावण्या रचल्या असे सांगतात. मी सहज हिशेब केला. पन्नास वर्षे रोज न चुकता अकरा लावण्या केल्या तरच तो आकडा भरतो. तेव्हा आकड्याचे सोडून द्यावे. पण गण, गौळणी, सवाल-जबाब, लावण्या आणि मिठाराणीसारखे वग, असा तमाशाचा एकही भाग नाही ज्यावर त्यांचा हात फिरला नाही. आणि रचना कोणाची हे सांगायची गरजच पडत नाही, कारण शेवटच्या कडव्यात पठ्ठे बापूराव हे नाव येतेच.

आजीचा प्रश्न या शेवटच्या कडव्यापाशीच येऊन थांबतो.

पवळा ही संगमनेर तालुक्यातील हिवरगावची, महार समाजातली. तिला लोक नामचंद पवळा म्हणत. त्याआधी फडात बहुधा पोऱ्येच लुगडी नेसून नाचत. पवळा स्वतः बोर्डावर उभी राहिली आणि बापूरावांचे शब्द तिच्या गळ्यातून व पायांतून लोकांपर्यंत गेले. दोघांची जोडी महाराष्ट्रभर गाजली. लोक बापूरावांचा तमाशा ऐकायला येत हे जितके खरे, तितकेच पवळेला पाहायला येत हेही खरे. पण कडव्यात नाव एकाचेच.

बापूरावांनी पवळेसाठी जात सोडली, अशी गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. त्यांनी फार सोसले यात शंका नाही. स्वतःच्या माणसांनी तोंड फिरवले, सोवळ्यांनी नावे ठेवली. पण मला सारखे वाटते की, सोडायला त्यांच्यापाशी काहीतरी होते. त्यांनी तमाशा निवडला. पवळेपुढे अशी निवड कोणी ठेवली होती? आमच्या आजानेही हलगी निवडली नव्हती, ती त्याच्या बापाकडून आली होती. एकाच बोर्डावर उभे राहिलेल्या माणसांत एकाचा त्याग होतो आणि दुसऱ्याचा नुसता धंदा!

हाच प्रश्न बापूरावांच्या हयातीत त्यांना एकाने थेट विचारल्यासारखा आहे. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूराव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना भेटले आणि आपल्या काही खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाला देऊ केले. चळवळीला पैशाची नड असताना बाबासाहेबांनी ते नाकारले. अस्पृश्य समाजातील स्त्रिया नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला बापूरावांची फार कीव आली. जातीला लाथ मारून आलेला माणूस, देणगी घेऊन उभा, आणि रिकाम्या हाताने परत. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा बाबासाहेबांचे पटले. आता दोन्ही वाटते, आणि त्यातले एक खोटे ठरवावे असे मला वाटत नाही.

पुढे बापूराव आणि पवळा यांचे पटेनासे झाले, जोडी फुटली. उतारवयात बापूरावांचे हाल झाले. फड मोडला होता, पैसा कधी साठवलाच नव्हता. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात ते वारले. ज्यांच्या लावण्यांवर कित्येक फडांनी पोटे भरली, त्यांची शेवटची वर्षे दारिद्र्यात गेली.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा एका संग्रहातून बापूरावांची एक गौळण वहीत उतरवून घेतली होती. दिवाळीच्या सुटीत ती आजीला वाचून दाखवली. तिला अक्षर येत नाही, पण ती मध्येच मला थांबवू लागली. सुरते कोठे झील ओढतात, हलगी कोठे एकदम थांबते आणि मग ढोलकी एकटी कशी बोलते, हे तिने जमिनीवर बोटांनी ठेका धरून दाखवले. पुस्तकात त्यातले काहीच छापलेले नाही. मी समासात पेन्सिलीने खुणा करून घेतल्या. वडील बाहेरच्या सोप्यात बसले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त टीव्हीचा आवाज त्यांनी कमी केला.