विश्लेषण : चिनी मातीची मौल्यवान भांडी जमवणारे ‘आधीचे’ रतन टाटा कोण?

२०२४ मध्ये निधन झालेल्या रतन टाटांच्या आधी याच घराण्यात आणखी एक रतन टाटा होऊन गेले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जुन्या चिनी पोर्सेलिनच्या संग्रहात या सर रतन टाटांचा मोठा वाटा आहे.

चांदा जिल्ह्याशी संबंध काय?

सर रतन यांचा जन्म २० जानेवारी १८७१ चा. वडील जमशेटजींना पोलादाचा ध्यास लागला तो १८८२ मधील एका अहवालामुळे. त्यात चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोहखनिजाची माहिती होती. आरमोरी तेव्हा याच जिल्ह्यात होती. वरोऱ्याचा कोळसा उपयोगी न ठरल्याने आणि खाणपट्ट्याच्या जाचक अटींमुळे तो बेत बारगळला. पुढे कारखाना उभा राहिला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला.

संग्रह कसा घडला?

थोरले बंधू दोराबजी उद्योगात रमले, सर रतन कलेत. १९०६ मध्ये त्यांनी लंडनजवळ ट्विकनहॅम येथील यॉर्क हाऊस विकत घेतले. चित्रे, जेडच्या वस्तू आणि पोर्सेलिन ते जमवत गेले. पोर्सेलिन म्हणजे आपली लोणच्याची जाड बरणी नव्हे. पांढऱ्या केओलिन मातीचे हे भांडे सुमारे १३०० अंश तापमानाला भाजतात. पातळ भांड्यातून उजेड आरपार दिसतो. तळाशी बादशहाच्या कारकीर्दीचा शिक्का असला तरी वस्तू त्याच काळची असेलच असे नाही. पुढच्या कारागिरांनीही जुने शिक्के सर्रास वापरले.

पारशी घरांत चिनी वस्तू आल्या त्या व्यापारातून. मुंबईहून चीनला कापूस जाई, तशी अफूही. ही बाजू सांगितल्याशिवाय त्या देखण्या भांड्यांची गोष्ट अर्धीच राहते.

पैसा फक्त हौसेवर गेला का?

नाही. दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्याला त्यांनी सव्वा लाख रुपये दिले. पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्चही उचलला. १९१३ मध्ये तिथे काम सुरू झाले आणि कुम्हरार येथे मौर्यकालीन स्तंभांचे सभागृह उजेडात आले.

५ सप्टेंबर १९१८ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. त्यांना मूल नव्हते. पत्नी नवाजबाईंनी पुढे नवल यांना दत्तक घेतले; अलीकडचे रतन टाटा हे नवल यांचे पुत्र.

सर रतन यांचा संग्रह मृत्युपत्रानुसार मुंबईच्या संग्रहालयाकडे आला. बंगल्यात मोजक्या पाहुण्यांना दिसणारी भांडी सामान्यांना पाहता येऊ लागली. १९३३ मध्ये दोराबजींचा संग्रहही तिथेच दाखल झाला.