तुरीच्या मरीचा माग काढणारे एडविन बटलर

जालना जिल्ह्यातील राजूर हे गाव गणपतीच्या देवस्थानामुळे सर्वदूर परिचित आहे. त्या परिसरात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यातच, तूर हे पूर्वापार चालत आलेले पीक आहे. पाऊसपाणी चांगले झाले, तूर फुलोऱ्यावर आली, शेंगा धरू लागल्या, की शेतकरी निर्धास्त होतो. नेमक्या त्याच वेळी, जमिनीत ओल असतानाही एखादे झाड माना टाकते आणि पाहता पाहता शेजारची झाडेही वाळू लागतात. हाच तुरीचा मररोग. या रोगाचे खरे कारण शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी ज्यांनी शोधून काढले, ते सर एडविन जॉन बटलर भारतातील आधुनिक वनस्पतिरोगशास्त्राचे जनक मानले जातात.

बटलर यांचा जन्म १८७४ साली आयर्लंडमधील किलकी या समुद्रकाठच्या गावी झाला. कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजातून १८९८ साली त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. परंतु त्यांचे मन दवाखान्यात रमले नाही. प्राध्यापक मार्कस हार्टोग यांच्या सहवासात त्यांना बुरशींच्या अभ्यासाची गोडी लागली. पुढे पॅरिस येथे अध्ययन करून ते १९०१ साली भारत सरकारच्या सेवेत कलकत्त्यास रुजू झाले. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे नव्याने स्थापन झालेल्या कृषी संशोधन संस्थेत त्यांची नियुक्ती झाली आणि माणसांचा डॉक्टर पिकांचा वैद्य झाला.

तुरीच्या मरीचा प्रश्न सोपा नव्हता. कापूस, कलिंगड व चवळी या पिकांवरील अशाच रोगाचा अमेरिकेत अभ्यास झाला होता आणि त्याचा संबंध निओकॉस्मोस्पोरा नावाच्या बुरशीशी जोडला गेला होता. तुरीच्या मेलेल्या मुळांवरही ती बुरशी आढळत असे. तीच गुन्हेगार, असे मानून मोकळे होणे सहज शक्य होते. बटलर यांनी मात्र बुरशी वेगळ्या करून, निरोगी झाडांवर त्यांचे प्रयोग करून पाहिले. निओकॉस्मोस्पोरा ही केवळ मेलेल्या भागांवर जगणारी ठरली. खरी मारेकरी निराळीच होती. १९१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात त्यांनी तिला फ्युजेरियम युडम हे नाव दिले. ही बुरशी मातीतून मुळांत शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढते. त्यामुळे रान ओले असूनही झाड तहानेने मरते. खोड चिरले असता आत दिसणाऱ्या काळ्या रेषा ही तिचीच खूण होय.

कारण कळले तरी औषध सापडले नव्हते. पीक निघाल्यावरही ही बुरशी तुरीच्या धसकटांवर दोन-तीन वर्षे तग धरते. सगळ्या शेताची माती निर्जंतुक करणे कोणत्याही शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. अमेरिकेत विल्यम ऑर्टन यांनी रोगट शेतात जगून राहिलेली कपाशीची झाडे निवडून प्रतिकारक्षम वाण तयार केले होते. भारतातही तोच मार्ग खुला होता. मररोगाला तोंड देणारी तूर निवडण्याविषयी बटलर यांनी १९०८ सालीच लिहिले होते. रोगट रानात शेकडो झाडे वाळतात, पण काही हिरवी राहतात. त्यांचे बी राखून पुन्हा त्याच रानात पेरायचे आणि पुन्हा निवड करायची, असे या निवडीचे तत्त्व आहे.

तुरीखेरीज ऊस, ताड, गहू अशा अनेक पिकांच्या रोगांवर त्यांनी काम केले. १९१३ साली जी. एस. कुलकर्णी यांच्यासमवेत त्यांनी अळूच्या करप्यावर संशोधन प्रसिद्ध केले. पिकांच्या रोगांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९१८ साली निघाला. १९२० मध्ये भारत सोडून ते इंग्लंडमधील क्यू येथील बुरशीविषयक संस्थेचे पहिले संचालक झाले. १९२६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९३९ मध्ये सर हा किताब त्यांना लाभला. ४ एप्रिल १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी दाखविलेल्या वाटेचे फळ त्यांना पाहता आले नाही. हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेने महाराष्ट्रातील एका स्थानिक वाणातून निवड करून आयसीपी ८८६३ हा मरप्रतिकारक वाण सिद्ध केला. १९८० च्या दशकात तो कर्नाटकात मारुती या नावाने प्रसारित झाला आणि पुढे महाराष्ट्रातील शेतांतही परतला. जालना जिल्ह्यातीलच बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बीएसएमआर ७३६ व बीएसएमआर ८५३ हे मर व वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारे वाण दिले.

तथापि ही लढाई संपलेली नाही. फ्युजेरियम युडमची निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळी रूपे आढळतात. एका ठिकाणी टिकणारा वाण दुसरीकडे बळी पडू शकतो. उद्याच्या प्रतिकारशक्तीचा शोध त्यामुळे पुन्हा जुन्या, गावरान बियाण्यातच घ्यावा लागणार आहे. ते बियाणे जपले गेले, तरच बटलर यांच्या शोधाचा उपयोग पुढील पिढ्यांना होईल.