खालच्या कोर्टातील रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटले की डोळ्यांपुढे मुंबईचे हायकोर्ट उभे राहते. 'न्यायमूर्ती' ही उपाधी त्यांच्या नावाला इतकी जडली आहे की ते जन्मापासून तेथेच बसले होते असे वाटावे. प्रत्यक्षात हायकोर्टात त्यांची जेमतेम सात वर्षे गेली. त्याआधीची बावीस वर्षे बहुतेक खालच्या कोर्टांतच गेली. आमच्या घरची बांधाची केस तालुक्याच्या कोर्टात चालू आहे म्हणून असेल, पण मला कुतूहल वाटते ते त्या बावीस वर्षांचेच.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. वडील सरकारी नोकरीत होते. शिक्षण आधी कोल्हापूरला व मग मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये झाले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्याच तुकडीत ते १८६२ साली बी. ए. झाले, १८६६ साली एलएल. बी. झाले. डोळ्यांचे दुखणे मात्र त्यांना जन्मभर पुरले. पुढे काही काळ अक्कलकोट व कोल्हापूर संस्थानांत नोकरी आणि एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापकी करून १८७१ साली ते पुण्यास फर्स्ट क्लास सबजज्ज म्हणून आले.

एवढा विद्वान माणूस वर चढायला इतकी वर्षे का लागावीत? सार्वजनिक सभेच्या कामामागे डोके रानड्यांचे आहे हे सरकार ओळखून होते. १८७८ साली त्यांची बदली नाशिकला झाली व पुढच्याच वर्षी धुळ्याला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. धुळ्यास येणारे टपाल फोडून पाहिले जाई, हे रमाबाईंनी आपल्या आठवणींत नोंदले आहे. रानड्यांनी राजीनामा दिला नाही, तक्रारही केली नाही. कोणी याला भित्रेपणा म्हणेल. १८७३ साली वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून, विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या या गृहस्थाने अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, तेथे मीही तसेच म्हणेन. नोकरीच्या बाबतीत मात्र मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण पुढच्या कामात आहे.

१८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जखते जाळली. दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तोवर कोर्टात अंगठा उठवलेला कागद आला की हुकूमनामा निघे. त्या अंगठ्यामागे मूळ रक्कम किती व व्याजावर व्याज किती, हे पाहण्याची पद्धतच नव्हती. नव्या कायद्याने न्यायाधीशाला कागदाच्या पाठीमागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब मांडण्याचा अधिकार मिळाला. हप्ते बांधून देता येऊ लागले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले.

हा कायदा खालची कोर्टे नीट चालवतात की नाही हे पाहण्याच्या कामावर १८८१ पासून रानडे होते. १८८७ साली ते स्पेशल जज्ज झाले. पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत हिंडायचे, कोर्टांची दप्तरे तपासायची, चुकलेले निकाल दुरुस्त करायचे. हिशेबाच्या वह्यांचे ढीग, आणि तेही अशा अधू डोळ्यांनी! सभेत भाषण करणे त्यामानाने सोपे असावे.

त्यांनी सगळे खापर सावकारावर फोडले नाही हेही सांगितले पाहिजे. सावकाराने हात आखडला तर बी-बियाण्याला पैसा कोठून येणार, हे त्यांना दिसत होते. म्हणून शेतकऱ्याला स्वस्त कर्ज देणाऱ्या पेढ्या निघाव्यात असा त्यांचा आग्रह होता. दप्तरात जे पाहिले तेच त्यांच्या अर्थशास्त्रावरील लेखांत उतरले आहे. आम्ही ते लेख परीक्षेपुरते वाचतो ही गोष्ट वेगळी.

१८९३ साली न्यायमूर्ती तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे हायकोर्टात गेले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

दिवाळीच्या सुट्टीत हे सगळे मी वडिलांना वाचून दाखवले. हायकोर्टाचे त्यांना काही वाटले नाही. हा जज्ज खरेच गाडी जुंपून तालुक्यापर्यंत येत असे का, एवढेच त्यांनी दोनदा विचारले.