खोटं बोलायचं नाही म्हणून वकिली सोडली आणि भारताला भरवशाचं कुलूप दिलं

दसरा-दिवाळी आली की शहरात सुट्टीची गडबड सुरू होते. कुणी गावाला निघतं, कुणी फिरायला. त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, गेवराई या भागांतल्या वाड्या-तांड्यांवरही दारं बंद होतात, पण ती सुट्टीसाठी नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर निघते. जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं अशी जातात ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत. मागे राहतात म्हातारी माणसं, कुठेकुठे लेकरं आणि दाराला लावलेलं कुलूप.

घरात फार काही नसतं. चार भांडी, पेटी, वर्षाचं धान्य, कागदपत्रं. पण जे आहे ते सगळं तेवढंच असतं. त्यामुळे पाच-सहा महिने त्या कुलपावर भरवसा ठेवावा लागतो.

आपल्याकडे कुलपावरचा हा भरवसा ज्या नावाशी जोडला गेला ते नाव म्हणजे गोदरेज. आणि त्या नावामागचा माणूस आधी वकील होता.

अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज यांचा जन्म २६ मार्च १८६८ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. सहा भावंडांत ते थोरले. लग्न झालं, पण संसार फार टिकला नाही. एप्रिल १८९१ मध्ये त्यांची तरुण पत्नी बचूबाई आणि तिच्यासोबतची एक मुलगी राजाबाई टॉवरवरून पडून गेल्या. त्या घटनेने अख्खी मुंबई हादरली होती. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

कायद्याचं शिक्षण घेऊन ते वकिलीत आले. १८९४ मध्ये एका खटल्यासाठी त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांझिबारला पाठवण्यात आलं. तिथे अशिलाची बाजू मांडताना खरं नसलेलं काही बोलायची वेळ आली. अर्देशीर यांनी ते बोलायला नकार दिला. खटला सोडला, वकिलीही सोडली आणि ते मुंबईला परत आले.

आता करायचं काय? एका औषधाच्या दुकानात त्यांनी मदतनीस म्हणून काम धरलं. तिथे शस्त्रक्रियेची अवजारं बघून, ही आपल्याकडे का बनू नयेत, असं त्यांच्या मनात आलं. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून त्यांनी ३,००० रुपये कर्जाऊ घेतले आणि अवजारं बनवली. माल चांगला उतरला. पण घेणाऱ्याची अट होती की त्यावर भारतात बनवल्याचा शिक्का नको. अर्देशीर यांचं म्हणणं, माल इथला आहे तर नाव इथलंच पडेल. सौदा फिसकटला आणि धंदा बसला.

म्हणजे दोनदा नुकसान, आणि दोन्ही वेळा कारण एकच. जे नाही ते आहे असं सांगायची त्यांची तयारी नव्हती.

नेमका हाच हट्ट पुढे कामाला आला.

१८९७ साल. मुंबईत प्लेगची साथ होती आणि लाखो लोक घरंदारं बंद करून शहराबाहेर गेले होते. त्याच काळात अर्देशीर यांच्या वाचनात एक बातमी आली. शहरात घरफोड्या वाढल्या होत्या आणि लोकांनी आपली घरं, कचेऱ्या नीट सुरक्षित कराव्यात असं पोलीस आयुक्तांनी सांगितलं होतं. विलायती कुलपं महाग, आणि बाजारातली हातघडणीची साधी कुलपं सराईत चोरापुढे टिकत नसत.

अर्देशीर पुन्हा कामांकडे गेले. पहिलं कर्ज बुडालेलं असतानाही कामांनी पैसे दिले. ७ मे १८९७ ला लालबागला, गॅस कंपनीशेजारच्या २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये, डझनभर कारागिरांना घेऊन काम सुरू झालं. पुढे कामा यांच्या नात्यातले बॉईस भागीदार म्हणून आले. ते लवकरच बाहेर पडले, पण कंपनीच्या नावात बॉईस कायमचं राहिलं.

आता कुलूप मजबूत होतं म्हणजे काय होतं? लिव्हरच्या कुलपात आत धातूच्या पट्ट्या असतात. बरोबर किल्ली फिरली की प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीवर उचलली जाते आणि खिट्टी सरकते. एक जरी पट्टी कमी किंवा जास्त उचलली गेली तरी खिट्टी अडते. म्हणून पट्ट्या वाढल्या की तार घालून कुलूप उघडणं अवघड होत जातं.

अवघड म्हणजे अशक्य मात्र नव्हे. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने तिथलं नावाजलेलं चब कंपनीचं कुलूप २५ मिनिटांत उघडून दाखवलं होतं. त्यामुळे कुलपाची हमी देणं हे जोखमीचं काम होतं. अर्देशीर यांनी ती दिली. त्यांच्या अँकर छापाच्या कुलपासोबत हमी मिळायची की हे कुलूप त्याच्याच किल्लीने उघडेल, दुसऱ्या कुलपाची किल्ली त्याला चालणार नाही.

मग त्यांनी डिटेक्टर पद्धतीचं कुलूप आणलं. कुणी चुकीची किल्ली घालून खटपट केली की ते अडकून बसायचं. मालक परत आला की त्याला कळायचं, आपल्या मागे कुणीतरी हात लावलाय. मग खऱ्या किल्लीनेच ते पूर्ववत व्हायचं. बरेच दिवस घराबाहेर असणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. स्प्रिंग तुटून किंवा अडकून कुलपं बिघडतात म्हणून स्प्रिंग नसलेलं कुलूपही त्यांनी तयार केलं आणि त्याचं पेटंट घेतलं.

कुलपानंतर तिजोरी आली. १९०२ मध्ये त्यांची पहिली तिजोरी बाजारात आली. चोराइतकीच आगीचीही भीती असते, हे लक्षात घेऊन ती बनवलेली होती. धाकटे भाऊ पिरोजशा धंद्यात आले आणि कारखान्याचा व्याप वाढला. पहिल्या महायुद्धानंतर अर्देशीर यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण बनवला. त्याचं नाव ठेवलं चावी!

स्वदेशीबद्दल त्यांना आस्था होती, ती नुसती बोलण्यापुरती नव्हती. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. पुढे कारभार पिरोजशांवर सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं. एप्रिल १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीत भीषण स्फोट झाला, तेव्हा आगीत सापडलेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांमधल्या वस्तू शाबूत निघाल्याचं सांगितलं जातं. ते बघायला अर्देशीर नव्हते.

त्यांनी पहिलं कुलूप बनवलं तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. आज तिथल्या बाजारातही पाच, सहा, सात लिव्हरची कुलपं मिळतात. पण कुलपाचं काम कुठे संपतं तेही माहीत हवं. कुलूप भक्कम आणि कडी-कोयंडा ढिला असेल तर चोर कुलपाला हातच लावत नाही, तो कोयंडा उपटतो. किल्ली उंबऱ्याजवळ किंवा कोनाड्यात ठेवली तर लिव्हर कितीही असोत, उपयोग शून्य. हरवलेल्या किल्लीची नक्कल करून काम भागवण्यापेक्षा कुलूप बदललेलं बरं. दागिने आणि कागदपत्रं बंद घरात ठेवू नयेत. आणि निघण्याआधी शेजारी, भावकी, गावचे पोलीस पाटील यांच्या कानावर घालून जावं.

कुलूप चोराला वेळ लावतं. तेवढ्या वेळात कुणाचं तरी लक्ष जायला हवं. बीडच्या वस्त्यांवर ते काम मागे राहिलेली म्हातारी माणसं करतात. पाच-सहा महिने, रोज, ओळीने दिसणाऱ्या बंद दारांकडे बघत.